तळेपांगरीची छातीएवढी भिंत

"हितून पाणी सुरू," असं म्हणून रंगनाथअण्णांनी बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढली. मग हात लांब करून समोरचा डोंगर दाखवला. "अन् त्या डोंगराच्या बुडापस्तोर निस्तं पाणीच पाणी."

मी बघितलं. अण्णांच्या पाण्यात गावातली तरणी पोरं क्रिकेट खेळत होती. पलीकडे चार शेळ्या वाळक्या झुडपाला तोंड लावत होत्या, आणि त्याच्याही पलीकडे, तळ्याच्या अगदी खोलगट भागात, पाच-सहा बायका एका खड्ड्याभोवती बसल्या होत्या. पाणी म्हणावं असं नजरेच्या टप्प्यात काही नव्हतं. आणि मला तिथं पाण्याकाठचं सांस्कृतिक केंद्र बांधायचं होतं.

बीडमध्ये एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी तीस-बत्तीस वर्षं वास्तुरचनाकार म्हणून काम केलं. आता ऑफिस बंद केलंय, नकाशांच्या गुंडाळ्या माळ्यावर आहेत. बंगले काढले, शाळेच्या खोल्या काढल्या, मंगल कार्यालयं तर इतकी काढली की लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी मी कार्यालयाचं नाव वाचते. पण तुमचं आवडतं काम कोणतं, असं कुणी विचारलं की पाटोद्याच्या पुढच्या डोंगरातल्या तळेपांगरीचंच नाव तोंडात येतं. सगळ्यात जास्त चुका मी त्याच कामात केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक लोकांनी वेळेवर दुरुस्त करून दिल्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

अण्णा तिथल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि गाडीत सतत एक छत्री, पावसासाठी नव्हे, उन्हासाठी. संस्थेला बरीच वर्षं पूर्ण झाली होती आणि त्यानिमित्तानं तळ्याच्या काठी, संस्थेच्या मालकीच्या पडीक जागेत, भजन-भारुडाला, शाळेच्या गॅदरिंगला, पोरींच्या लेझीमला एक हक्काची वास्तू व्हावी असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी माझ्यासमोर एकेक बोट दुमडत यादी सांगितली. मोठा हॉल पाहिजे. हॉलवर घुमट पाहिजे. समोर कमान पाहिजे. आणि चारी बाजूंनी दोन पुरुष उंच कंपाउंड, लोखंडी गेटसकट.

"गेट कशाला, अण्णा? तळ्यावर कुणी चोरायला येणार आहे का?"

"म्याडम, गेट नसलं की वास्तू वाटत न्हाई. जनावरं घुसतात. सांच्याला बाटल्या घेऊन बसतात लोक."

हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

आमच्या धंद्याविषयी लोकांचा समज असतो की ही बाई नकाशा काढून देते. रेघा ओढणं हे फार नंतरचं काम. आधी त्या जागेवर नुसतं उभं राहायचं असतं. ऊन कुठून येतं, वारा कुठून, माणसं पायवाट कुठून पाडतात, म्हाताऱ्या कुठं टेकतात. आणि पाण्याकाठी बांधायचं असेल तर पहिला प्रश्न एकच: तळं काठोकाठ भरलं की पाणी नेमकं कुठवर येतं? त्या उंचीला आम्ही पूर्ण संचयाची पातळी म्हणतो. तळं भरून ज्या दगडी उंबऱ्यावरून जास्तीचं पाणी वाहून जातं, तो सांडवा. सांडव्याची उंची कळली की तळ्याच्या काठाकाठानं तीच उंची दुर्बिणीतून बघत खुणा करत जायचं. पाणी असलं तर हे काम पाणीच करून देतं. माझ्याकडे पाणी नव्हतं. कागद होता. तलाव झाला तेव्हाच्या जुन्या कागदावर सांडव्याची उंची लिहिलेली होती, त्यावरून मी खुणा करून घेतल्या.

खुणांच्या खुंट्या ठोकणं चाललेलं असताना खड्ड्याजवळच्या बायकांतली एक उठून आमच्याकडे आली. चाळिशीची असावी. काळीसावळी, उंचपुरी, लुगड्याचा काष्टा घातलेला, हातात पितळी वाटी. त्या खड्ड्याला तिथं झिरा म्हणतात. तळ्याच्या तळाशी खणलं की खालून थेंब थेंब पाणी गोळा होतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला तास-तास लागतो. ती थोडा वेळ खुंट्यांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली,

"ताई, ह्या खुट्या कावून ठोकायलाव?"

"तळं भरल्यावर पाणी इथपर्यंत येणार, त्याच्या खुणा आहेत."

"हितपस्तोर?" तिनं मान हलवली. "न्हाई. लई वर येतं. तो सपाट धोंडा दिसायलाय का? आमी त्याच्यावर धुनं धुताव. तळं भरलं की त्यो बुडतो."

सपाट धोंडा माझ्या खुंटीपेक्षा हातभर उंचावर होता. मी तिला कागद दाखवला. सरकारी आहे, मोजून लिहिलेला आहे, असंही सांगितलं. तिनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आसंल बाई," म्हणाली आणि निघाली. चार पावलं जाऊन परत वळली. "अन् हितं काय बांधायलाव?"

मी सांगितलं.

"बांदा की. चांगलंच हाय. पर आमची उतरायची जागा तेवढी ठिवा."

तिचं नाव कौसाबाई. उतरायची जागा म्हणजे काय, ते तिनंच मला समजावलं. दसरा झाला की ऊसतोडीला नेणारे ट्रक त्याच मोकळ्या जागेवर येऊन लागतात. संसार चढवायचा, लेकरं चढवायची, कोंबड्यांचे खुराडे चढवायचे आणि निघायचं. कारखाने बंद झाले की ट्रक परत तिथंच आणून सोडतात. घर उघडून, झाडून, चूल पेटेपर्यंत माणसं तिथंच बसतात. कोण कुठल्या कारखान्यावर होतं, कुणाला लेकरू झालं, कोण परत आलं नाही, ते सगळं तिथं कळतं. सहा-सात महिन्यांनी गाव गावाला तिथं भेटतं.

बीडला परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबले तेव्हा मी वहीतलं ‘कंपाउंड’ हे अण्णांचं मागणं खोडलं. का खोडलं ते त्यांना कसं सांगायचं, हे मात्र सुचत नव्हतं.

पहिला नकाशा घेऊन गेले तेव्हा अण्णांनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. हॉल होता. हॉलला तिन्ही बाजूंनी रुंद ओसरी होती. ओसरीपासून पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या होत्या आणि अगदी खाली, पाण्याला लागून, रंगमंच. लोक पायऱ्यांवर बसणार, कलाकाराच्या पाठीमागे तळं चमकणार. फार सुंदर चित्र होतं ते, माझं मलाच. बाकी सगळी जागा मोकळी.

"भिंत कुठाय?"

"काढलेली नाही."

"इसरल्या का?"

"नाही, अण्णा. तिथं ट्रक लागतात."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्याडम, संस्था माझी हाय. ट्रकवाल्यांची न्हाई." मग मृदू आवाजात, "न्हाई जमत तर सांगा. औरंगाबादला लोक हायेत."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? त्या वर्षी हातात दुसरं मोठं काम नव्हतं. बाई म्हणून गवंड्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे आधी "साहेब कुठायत?" विचारायचे, आणि इथं पहिल्यांदाच कुणीतरी एवढी मोठी वास्तू माझ्यावर सोपवली होती. मी म्हटलं, "संस्था तुमची आहे, तर सभेपुढं ठेवा. सभा म्हणेल तसं काढते."

हे मी सुटका म्हणून बोलले होते. अण्णांना मात्र ते पटलं, कारण सभा आपल्या खिशात आहे याची त्यांना खात्री होती.

दसऱ्याच्या आधी, भाद्रपदात, संस्थेची वार्षिक सभा दूध संकलनाच्या शेडमध्ये झाली. मी मागे एका कॅनवर बसले होते. अण्णांनी घुमटाचं, कमानीचं वर्णन केलं, टाळ्या झाल्या. भिंतीचं आलं तेव्हा बायकांच्या रांगेतून कौसाबाई उभी राहिली. संस्थेनं एका वर्षी बायकांच्या नावावर म्हशी दिल्या होत्या, तेव्हा ती सभासद झाली होती. मी तिला तिथं बघून चकितच झाले.

"अण्णा, म्या एक इच्चारू का?"

"इच्चार की, कौसे."

"आमी निम्मं वरीस गावात नसताव. दुसऱ्याच्या फडात, दुसऱ्याच्या बांधावर कोपी घालून ऱ्हाताव. तितं कुणी बी येऊन म्हणतं, हितून उठा. उठताव. आता गावात आल्यावर बी गेटाच्या भाईरच बसायचं का?"

अण्णा म्हणाले, "कौसे, आगं तसं न्हाई. जनावरं घुसतात म्हणून..."

"जनावरं आमचीच हायेत, अण्णा. दूध तर त्येंचंच घालताव हितं."

हशा झाला, आणि अण्णाही हसले. सहकारी संस्थेत चेअरमनला एक मत आणि एका म्हशीवाल्या बाईलाही एकच मत. हात वर करायची वेळ आली तेव्हा बरेच हात कौसाबाईच्या बाजूनं गेले. काही पुरुषांनी हात अर्धवट वर केले, म्हणजे कुणी मोजलेच तर दोन्हीकडे धरता येतील असे. ठराव झाला: भिंतीचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

दुसऱ्या आठवड्यात मी आखणीला गेले तर जागेच्या कडेनं माणसं चर खणत होती. "अण्णा, हे काय?"

"पाया. ठराव भिंतीचा झालाय, पायाचा कुठं झालाय?" ते छत्रीखाली शांतपणे उभे होते.

दसऱ्यानंतर कौसाबाई ट्रकमध्ये बसून गेली आणि आमचं काम सुरू झालं. मिस्त्री होते आष्टीचे गफारभाई. साठीच्या पुढचे, मेंदी लावलेली दाढी, ओळंबा डोळ्यासमोर धरला की आजूबाजूला कुणी बोललेलं चालायचं नाही. वर्षभर काम सुरेख चाललं. जोतं झालं, ओसरीचा स्लॅब झाला, हॉलचे खांब उभे राहिले. आणि मग पावसाळ्यानं पाठ फिरवली. आधीचं वर्ष कोरडंच होतं. हे त्याहून वाईट निघालं.

सिमेंटचं काम नुसतं ओतून होत नाही. ओतल्यावर दहा-पंधरा दिवस त्याला रोज भरपूर पाणी मारावं लागतं. पाणी प्यायला मिळालं नाही तर काँक्रीट भुसभुशीत राहतं, दिसायला दगड आणि आतून बिस्कीट. हॉलचा स्लॅब टाकायचा होता आणि गावात पाणी उरलं होतं एकट्या संस्थेच्या विहिरीला. त्या विहिरीवर बायकांची रांग लागायची आणि रांगेच्या शेजारून आमचा पाइप साइटवर यायचा.

एके सकाळी मी पोचले तर गफारभाई पाइप गुंडाळून त्यावर बसले होते.

"काय झालं, गफारभाई?"

"मेरे हात से नै होता, म्याडम." ते सहसा माझ्याशी मराठीत बोलायचे, मनातलं बोलायचं झालं की त्यांच्या बोलीवर यायचे. "खंबे को पानी मारा, उधर एक अम्मा खाली घडा लेके खडी. मुझे देखरी थी. कुछ बोली नै. बोली होती तो अच्छा होता."

मी ओसरीच्या कडेला बसले. स्लॅबची लोखंडी जाळी बांधून तयार होती. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्यांचं भाडं चालू होतं. काम थांबलं तर ते पुन्हा कधी सुरू होईल, सुरू होईल की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं. जिल्ह्यात अशी अर्धवट खांबांची किती सांस्कृतिक भवनं गवतात उभी आहेत, ते मला माहीत होतं. त्या क्षणी मी मनातल्या मनात बरेच हिशेब मांडले, टँकर मागवता येईल का, निदान खांबांपुरतं तरी. मग गफारभाईंनी गुंडाळलेल्या पाइपकडे बघितलं आणि गाडीत बसून अण्णांकडे गेले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "बंद करा," म्हणाले. "पाइप विहिरीवरच सोडा. बायांना घागरी भरायला व्हईल."

त्या उन्हाळ्यात संस्थेनं त्या जागेवर चारा छावणी उघडली. दुष्काळात जनावरं जगवायची म्हणून एका जागी आणून बांधतात, चारा-पाणी तिथंच देतात, आणि जनावरांबरोबर घरातलं एक तरी माणूस तिथंच राहायला येतं. आमच्या न झालेल्या हॉलच्या खांबांना म्हशी बांधल्या गेल्या. ओसरीवर गाठोडी, चुली, पाळणे आले. मला तिथं जायचं खरं तर काही काम नव्हतं. उघड्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्यावर सिमेंटचं पाणी लावून घ्यायचं, एवढं निमित्त काढून मी गेले. पुन्हा गेले. मग दर आठवड्याला जायला लागले.

कारखाने लवकर बंद झाल्यानं कौसाबाईही परत आली होती, आणि तिची म्हैस घेऊन छावणीतच होती. चाऱ्याला ऊस यायचा. भारा सोडताना ती म्हणाली, "तिकडं तोडायचा, हितं चारायचा. ह्यो ऊस काय माजा पिच्छा सोडत न्हाई बगा."

त्या छावणीत बसून मी माझा नकाशा पहिल्यांदा नीट वाचला. मी जोतं तीन फूट उंच घेतलं होतं, वास्तूला रुबाब यावा म्हणून. बायकांना चढता येत नव्हतं, त्यांनी कडेला दगड रचून पायऱ्या केल्या होत्या. मोकळ्या जागेच्या मधोमध मी बसायची जागा धरली होती. तिथं कुणीच बसत नव्हतं, सगळे कडेला, कशाला तरी पाठ टेकून. दुपारनंतरची सावली माझ्या अंदाजापेक्षा तळ्याच्या बाजूला जास्त लांब पडत होती. मी एकदा नकाशा ओसरीवर पसरून हे सगळं पेन्सिलीनं टिपत होते तेव्हा कौसाबाईनं त्यावर बोट ठेवलं.

"हे गोल काय हाय, ताई?"

मला उत्तर द्यायची लाज वाटली. "कारंजं."

"म्हंजी?"

"पाणी वर उडतं. शोभेसाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. "वर उडवायचं? कावून?"

मी रबरानं ते गोल पुसलं. त्या कागदावर त्याचा फिकट डाग अजून आहे.

त्याच दिवसांत एकदा दुपारी अण्णा छावणीची पाहणी करायला आले होते. कौसाबाई वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, मोठा भारा डोक्यावर घेऊन ट्रककडून आली आणि ओसरीजवळ येऊन नुसती उभी राहिली. अण्णा पुढं काहीतरी सांगत होते, मी ऐकत होते. बऱ्याच वेळानं अण्णांचं लक्ष गेलं.

"आगं, उभी का? टाक की भारा."

"टाकला तर सुटंल, अण्णा. कुणी तरी धरून उतरवाया लागतं."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि भारा दोन्ही हातांनी धरून खाली घेतला. भारा त्यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जड होता; ते जवळजवळ त्याच्यासकट खाली बसले. कौसाबाईनं तोंडाला पदर लावला.

"रोज किती येळ आशी उभी ऱ्हातीस?" दम घेत त्यांनी विचारलं.

"कुणी येईस्तोर."

"अन् कुणी न्हाईच आलं तर?"

"तर छातीएवढं काय तरी बगायचं. बांध, दरड. त्येला भारा टेकवायचा अन् हळूच खाली सरकायचं. हितं तसं काय बी न्हाई."

अण्णा माझ्याकडे वळले, मी अण्णांकडे बघत होतेच. आम्ही दोघंही मग कडेच्या त्या रिकाम्या चराकडे बघायला लागलो. त्यात माती भरत आली होती.

"म्याडम," ते म्हणाले, "छातीएवढी भिंत... भिंतच म्हणायची ना ती?"

"भिंतच म्हणायची, अण्णा."

मी पर्समधून टेप काढला. कौसाबाईची उंची घेतली, मग तिच्या जावेची, मग छावणीतल्या ज्या ज्या बाईनं येऊ दिलं तिची. पायापासून छातीपर्यंत. हसण्याचा एवढा गोंधळ झाला की म्हशी दावणीला ओढ घ्यायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "माप घिऊन चोळ्या शिवती काय गं ही?" सगळी मापं वहीत लिहून मी पावणेचार फूट ही उंची धरली. इमारतीची मापं पुस्तकातून घ्यायची असतात असं मी कॉलेजात शिकले होते. त्या दिवसापासून मी टेप घेऊन माणसांकडे जायला लागले.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, विहिरींना पाणी आलं, आणि काम पुन्हा उभं राहिलं. जोत्याला रुंद, बेताच्या उंचीच्या पायऱ्या आल्या. घुमट गेला, अण्णांनी फार हट्ट केला नाही. भिंत सभेनं या उंचीला मंजूर केली आणि गफारभाईंनी ती स्वतः बांधली, जवळच्या खाणीतल्या काळ्या दगडाची, माथ्यावर गुळगुळीत फरशी, म्हणजे भारा टेकवला तर अडकणार नाही. मध्ये मध्ये आडवळणाच्या फटी ठेवल्या. माणूस वळून आत जातं, म्हैस अडते. गेट नाही. ट्रक रस्त्याच्या बाजूनं भिंतीला लागून उभे राहायला लागले. सामान ट्रकमधून सरळ फरशीवर, फरशीवरून आत. हा उपयोग माझ्या डोक्यात नव्हता, लोकांनीच काढला.

आता माझी मोठी चूक. तळं त्यानंतरच्या वर्षी भरलं, परतीच्या पावसात, दोन-तीन दिवसांत. उद्‌घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. अण्णांचा फोन आला. "म्याडम, पाणी आलंय. लई देखणं दिसायलंय. पर तुमचा रंगमंच दिसंना झालाय."

मी धावत गेले. रंगमंचावर वीतभर पाणी होतं. सपाट धोंडा कुठं दिसत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं की तलाव झाल्यावर बऱ्याच वर्षांनी गावकऱ्यांनी जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर दगडाचे दोन थर चढवले होते. कागदाला ते माहीत नव्हतं. मी सांडव्यापर्यंत चालत गेले असते तर दिसलं असतं. मध्ये वेड्या बाभळीचं रान होतं, ऊन होतं, आणि माझ्याकडे सरकारी कागद होता. अर्ध्या तासाची वाट मी चालले नाही. आणि जिनं मला फुकटात सांगितलं होतं तिला मी तोच कागद दाखवला होता. याची बोच अजून आहे.

कौसाबाई पायऱ्यांवर उभी होती. मीच तिला म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "आसू द्या. पाणी आलं हे काय कमी हाय का?"

कार्यक्रम रद्द करायचा का, यावर अण्णा आणि पाहुण्यांची माणसं ओसरीत चर्चा करत होती. तेवढ्यात गावातल्या भारुडाच्या पथकाचा म्होरक्या धोतर गुडघ्यावर खोचून सरळ त्या पाण्यात उतरला. त्याच्यामागे टाळकरी, मग मृदंगवाला, मृदंग छातीशी उचलून धरून. घोट्याच्या वर पाणी आणि त्यात नाचणारे पाय. दर ठेक्याला पाणी उडायचं आणि पुढच्या दोन पायऱ्यांवरच्या बायका किंचाळून हसायच्या. पाहुण्यांचं भाषण त्या दिवशी कुणी फारसं ऐकलं नाही. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते रुमालानं पुसताना ते सारखे म्हणत होते, "ऊन लई हाय आज."

आता तळं भरलेल्या वर्षी भारूड तसंच होतं, आणि कोरड्या वर्षी कोरड्या रंगमंचावर. मला तो उंच करून द्यायचा होता. गावानं नको म्हणून सांगितलं.

अण्णा गेले. गफारभाईही गेले. कौसाबाई ऊसतोडीला जाणं थांबवून आता संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. दर दिवाळीला फोन करते, आणि माझ्या हातून तिथं जे काही झालं त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिचा आहे, असं मी म्हटलं की फोनवरच "काय तरीच तुमचं" म्हणते.

मागच्या चैत्रात मी कुणाला न कळवता तळेपांगरीला गेले. दुपार कलली होती. ओसरीत कुणी ज्वारी वाळत घातली होती, एका कोपऱ्यात दोन म्हातारे पत्रावळी टाचत होते. मी तळ्याच्या बाजूच्या पायरीवर, सावलीत, अगदी मधोमध बसले. खूप बरं वाटलं. थोड्या वेळानं आठ-दहा बायका टाळ घेऊन आल्या, बहुतेक भजनाच्या सरावाला. त्यांतलं कुणीच मला ओळखत नव्हतं.

"ओ बाई," एकजण म्हणाली, "जरा सरकून बसा की. आमी लई जणी हावोत."

मी सरकले.